परसातील भाज्यांची नावे : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

घराच्या मागील दारी असलेल्या मोकळ्या जागेस मराठीत 'परस' म्हणतात. 'परसाकडे जाणे' हा शौचास जाण्याचा शिष्ट पर्याय रूढ झाल्यामुळे ह्या शब्दाचा मूळ अर्थ बराच झाकला गेला, आणि 'परसबाग' असा समास केल्यावाचून आज तो शहरी माणसाच्या तोंडी सहसा येत नाही. परभणी जिल्ह्यातील खेड्यांत मात्र परस ही अद्याप घराची एक स्वतंत्र जागा आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना ह्या नद्यांच्या परिसरातील भारी काळी जमीन पावसाळ्यात चिबडते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे परसातील लागवडीची जागा बहुधा पाण्याच्या वाटेवरून ठरते. न्हाणीचे पाणी जिरते तेथे अळू व केळ, कुंपणाशी शेवगा व कढीलिंब, मांडवावर दोडका व वाल, आणि हिवाळ्यात लहान वाफ्यांत मेथी, शेपू व कोथिंबीर, अशी ही सामान्य मांडणी होय.

ह्या वनस्पतींविषयी बोलताना जी क्रियापदे येतात त्यांकडे अभ्यासकाचे लक्ष जावयास हवे. मेथी 'पेरतात', मिरची-वांग्याची रोपे व अळूचे कंद 'लावतात', दोडक्याचे बी 'टोकतात'. तांदुळजा, घोळ, चिवळ, कुंजर, पाथरी, तरोटा ह्या भाज्या मात्र 'उगवतात'. पहिली तिन्ही क्रियापदे सकर्मक आहेत व त्यांचा कर्ता मनुष्य आहे. चौथे अकर्मक असून वनस्पती स्वतःच कर्ता आहे. वाक्यरचनेत ह्या शेवटच्या वर्गापुरते मनुष्यास स्थान नाही. व्यवहारात मात्र आहे. खुरपणी करताना हाताशी आलेले रोप उपटून टाकावयाचे की राखावयाचे, हा निर्णय कोणी तरी घेतेच. आणि तो बहुधा घरातील स्त्री घेते. ज्या रोपाचे नाव तिला ठाऊक आहे ते भाजी ठरते. ज्याचे नाही ते तण. पेरलेल्या भाजीचे नाव विसरले तरी बियांची पुडी बाजारात मिळते. उगवलेल्या भाजीस नावाखेरीज दुसरा आधार नाही.

ही नावे गावठी म्हणून बाजूस सारण्याजोगी नाहीत. 'तांदुळजा' हे संस्कृत 'तण्डुलीय' ह्याचे सरळ वंशज आहे. '-ईय' ह्या अंत्य भागाचा प्राकृतात '-इज्ज' होतो. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात हा नियम नोंदलेला आहे. द्वितीय व तृतीय ह्यांपासून मराठीत 'दुजा' व 'तिजा' आले, त्यांतील 'जा' आणि तांदुळजातील 'जा' एकच होय. म्हणजे ज्या शब्दात प्राकृताचा एक नियम शाबूत आहे, तो शब्द ग्रंथाने नव्हे, चुलीपाशी जपला गेला. 'घोळ' हे नावही निघंटूंतील 'घोलिका' ह्याचेच रूप आहे. ह्याच वर्गातील 'वास्तुक' हे संस्कृत नाव विशेष बोलके आहे, कारण ते घराच्या जागेशी, म्हणजे वास्तूशी, जोडलेले दिसते. हिंदीत त्याचा 'बथुआ' झाला. मराठीने मात्र 'चाकवत' हे निराळेच नाव पत्करले.

काही ठिकाणी एका वनस्पतीस दोन नावे आढळतात व त्यांत व्यवहाराचा भेद दडलेला असतो. पान ती कोथिंबीर आणि बी ते धने. पान तो शेपू आणि बी त्या बाळंतशोपा. कोथिंबीर 'कुस्तुम्बुरु'कडे जाते व शेजारच्या तेलुगूतील 'कोत्तिमीर' आणि कन्नडातील 'कोत्तंबरी' ह्यांच्या जवळची आहे. धने 'धान्यक' ह्यापासून आले. ताटात पडणारा भाग एका नावाने आणि डब्यात साठवला जाणारा भाग दुसऱ्या नावाने ओळखला जातो. पेरताना धने रगडून त्यांची दोन दले करतात, तेव्हाही 'धने पेरले' असेच म्हणतात. 'कोथिंबीर' हे नाव पाने दिसू लागल्यावर विशेष चालते.

उलट, एकच नाव अनेक वनस्पतींवर पसरल्याचेही दाखले आहेत. 'निंब' ह्यातील आद्य 'न'चा 'ल' होऊन 'लिंब' झाला. मग कडू तो कडुलिंब आणि कढीत घालावयाचा तो कढीलिंब. पानांच्या ठेवणीवरून लोकांनी कढीलिंबास कडुलिंबाच्या पंक्तीस बसविले. वनस्पतिशास्त्र त्यास लिंबाच्या, म्हणजे आंबट फळाच्या, कुळात घालते. कुंडीतला 'पानओवा' हा तर ओवाच नव्हे. जाड, लवदार पानांच्या एका निराळ्या झाडास केवळ वासाच्या साम्याने ते नाव मिळाले. 'पाथरी' ही भाजी व पाथरी हे तालुक्याचे गाव ह्यांच्या नावसाम्यावरून मात्र काही अनुमान काढू नये. गावाचे नाव परंपरा 'पार्थपूर' ह्याच्याशी जोडते.

परभणी येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ह्या नावाने ओळखले जाते. तेथे तयार झालेला भेंडीचा 'परभणी क्रांती' हा वाण पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणुरोगास दाद देत नाही म्हणून गाजला. हा गुण 'पुसा सावनी' ह्या लागवडीच्या भेंडीत नव्हता. तो भेंडीच्या एका रानटी सगोत्राशी संकर करून आणावा लागला. वाणाचे नाव पुडीवर छापले जाते आणि बियांबरोबर प्रवास करते. चिवळीचे नाव तसे छापले जात नाही. सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाची फवारणी रूढ झाल्यापासून अशा भाज्यांचे रान आक्रसत चालले आहे, आणि परस हेच त्यांचे एक उरलेले ठिकाण होऊ पाहत आहे.

बोलीचा शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने ह्या दृष्टीने केवळ नावांची यादी करून थांबणे पुरेसे नाही. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात जो 'टाकळा' तोच येथे 'तरोटा', हे रोप पाहिल्यावाचून कळत नाही. घोळ व चिवळ ह्या एका गोत्राच्या दोन जाती आहेत. चिवळीचे पान पुष्कळच बारीक, आणि केवळ ऐकीव माहितीवर भर दिल्यास नोंदीत दोहींची सरमिसळ ठरलेली. रोपाचा वाळविलेला नमुना, ऋतू, खाण्याचा भाग व सांगणारीचे माहेर, एवढे तपशील नावाशेजारी असावेत. सुनेबरोबर शब्दही परगावाहून येतो. विचारणा बाजारात केल्यास 'रानभाजी' एवढे मोघम उत्तर मिळण्याचा संभव अधिक. ती आषाढ-श्रावणात, परसात खुरपणी चालू असताना करावी. म्हणजे कोणते रोप टाकले गेले आणि कोणते राखले गेले, हेही नावाबरोबरच टिपता येईल.