पायातले कडे

निफाडचा पारा उतरू लागला, की द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात आणि बागाइतदाराची झोप उडते. तीच थंडी नांदूरमधमेश्वरच्या जलाशयावर दूरदेशीचे पाहुणे घेऊन येते. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हे स्थळ १९८६ साली अभयारण्य झाले. रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. समुद्र येथून दूर. तथापि शेकाट्या, तुतवार असे किनाऱ्यावरही आढळणारे पक्षी येथील चिखलात खुशाल वावरतात. सागरतीरी हिवाळा काढणारा कुरवही अंतर्भागातील मोठ्या जलाशयांवर उतरतो.

चापडगावच्या काठावर रविवारी कॅमेऱ्यांची गर्दी होते. त्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र सर्वांची नजर चोचीवर आणि पंखांवर खिळलेली असते; पायांकडे क्वचितच कोणी पाहतो. एखाद्या पायात क्रमांकाचे कडे असते, आणि त्या पक्ष्याचा सारा प्रवास त्या कड्यात मिटलेला असतो.

डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तराने १८९९ साली मैनेच्या कुळातील पक्ष्यांना अॅल्युमिनियमची अशी कडी घातली, तेथून ही पद्धत रूढ झाली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने मोठे काम आरंभिले. पक्ष्यांवरील गोचिडांबरोबर रोग देशांतरी जातात काय, हा प्रश्न त्यामागे होता.

परंतु कडे घालणे हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे, ते वाचणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती असते. कड्याचा रंग, अक्षरे, डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, दिवस आणि ठिकाण एवढे टिपून सोसायटीस कळविले म्हणजे झाले. न दिसलेले अक्षर मात्र अंदाजाने भरू नये. ठोकून उत्तरे देणारे विद्यार्थी आम्ही वर्गात पुष्कळ पाहिले. त्यात गुण त्यांचेच जात. येथे भलत्याच पक्ष्याच्या नावावर भलताच प्रवास चढतो. वाचण्याच्या हौसेपायी पक्ष्यास उठविणे, हेही गैरच. मैलोगणती उडून आलेल्या जीवास विसावा हवा असतो.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती निराळ्या वाचकाची. मेलेल्या पक्ष्याच्या पायातील कडे बहुधा मासेमाराच्या किंवा गुराख्याच्या हाती लागावयाचे. शिकारीचा आळ येईल या धास्तीने त्याने ते पाण्यात भिरकावले, तर हजारो मैलांचा हिशेब तेथेच बुडाला. वनखात्याने काठच्या गावांतून स्पष्ट जाहीर करावे, की कडे आणून देणाऱ्यास चौकशीचा त्रास होणार नाही. एक नोंदवही चापडगावी सर्वांस दिसेल अशी ठेवावी, आणि पक्षी कोठून आला होता हे कळताच आणून देणाऱ्याच्या घरी पत्र जावे, तेही मराठीत.