घरची लिथियम बॅटरी : बीएमएस आणि वायर कशी निवडावी?



फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना सुरू केली, तेव्हापासून छपरावरच्या सौर पॅनेलची चर्चा गावोगाव चालते. परंतु एक गोष्ट पुष्कळांना पॅनेल बसविल्यावरच कळते. लाईन गेली की ग्रीडला जोडलेले साधे सौर इन्व्हर्टरही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून ते तसेच बनविलेले असते. भर उन्हात पॅनेल तळपत असते आणि घरात पंखा बंद! मग हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीचा विचार सुरू होतो. तयार बॅटरी महाग वाटते, म्हणून सुटे सेल आणून घरीच बॅटरी बांधण्याची हौस काही तरुण मंडळींना असते. हौस वाईट नाही. पण सेलचा भाव करण्यात आठ दिवस घालवायचे आणि बीएमएस व वायर मात्र हाताला येईल ती घ्यायची, हे बरे नव्हे. बॅटरी खराब होण्याचे आणि आगीचे मूळ बहुधा तिथेच असते.

बीएमएस करते काय?

घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे सेल घ्यावेत. मोबाईलमधल्या जातीपेक्षा ते उष्णतेत अधिक स्थिर राहतात. एक सेल ३.२ व्होल्टचा, असे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. सेल १०० अँपिअर-तासाचे असतील तर त्यात सुमारे ५ युनिट वीज मावते.

हे १६ सेल म्हणजे उसाच्या १६ सऱ्या समजा. पाणी सगळ्यांना सारखेच सुटते, पण एखादी सरी आधी भरते. दारे धरणारा गडी जागेवर नसेल तर तिचा बांध फुटतो आणि बाकीच्या अर्ध्याच राहतात. बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, हा तो दारे धरणारा गडी. कोणताही एक सेल ३.६५ व्होल्टला पोचला की तो चार्जिंग तोडतो. कोणताही एक २.५ व्होल्टपर्यंत उतरला की बाहेर जाणारी वीज तोडतो. एकूण व्होल्टेज ठीक दिसत असले तरी आत एखादा सेल मरणपंथाला लागलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक सेलवर नजर हवी.

निवडताना काय पाहावे?

१) करंट. घरचा एकूण भार ३००० वॅट धरा. ४८ व्होल्टला ६२.५ अँपिअर, इन्व्हर्टरची तूट धरून सुमारे ७० अँपिअर. यासाठी कायम १०० अँपिअर देणारे बीएमएस घ्यावे. जाहिरातीत क्षणिक आकडा मोठा छापतात. आपण 'कायम' हा आकडा पाहावा. पाण्याची मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, तेही हिशोबात धरावे.

२) बॅलन्सिंग. साधे बीएमएस भरलेल्या सेलची जादा वीज उष्णता करून घालवते, तीही थोडी थोडी. ॲक्टिव्ह प्रकार ती जादा वीज कमी भरलेल्या सेलला देतो. मोठ्या सेलना ॲक्टिव्ह बरा.

३) तापमापक. सेलला चिकटवायचा सेन्सर असलाच पाहिजे.

आणखी एक. आपण मोटार रोज ओव्हरलोड रिलेने बंद करतो का? नाही. तसेच बीएमएस हे शेवटचे कुलूप आहे. रोजचे काम इन्व्हर्टरने करावे. चार्जिंग ५६ व्होल्टला थांबेल आणि भार ४८ व्होल्टला तुटेल असे सेटिंग ठेवावे. साध्या पाण्याच्या बॅटरीसाठी असलेले इक्वलाइज चार्जिंग बंद करावे.

वायर, फ्यूज, जोड

तोच ३००० वॅटचा भार १२ व्होल्टवर घेतला तर करंट २५० अँपिअरच्या वर जातो. म्हणून मोठ्या भाराला ४८ व्होल्टचीच बॅटरी बांधावी. आपल्या उदाहरणात ३५ चौरस मि.मी.ची तांब्याची लवचिक वायर, शक्य तितकी आखूड, वापरावी.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लगत हवा. बीएमएस आहे तर फ्यूज कशाला, असे काहीजण विचारतात. बीएमएसमधले स्विच जळताना पुष्कळदा जोडलेल्या स्थितीतच अडकतात. मग तोडणारा कोणी उरत नाही. फ्यूज डी.सी.चाच घ्यावा. घरातला ए.सी.चा एमसीबी इथे चालत नाही, कारण डी.सी.ची ठिणगी सहज विझत नाही. शॉर्ट झाल्यास हे सेल हजारो अँपिअर सोडतात. तेवढे तोडणारा क्लास टी फ्यूज उत्तम. वरील भाराला १२५ अँपिअरचा पुरतो. मात्र फ्यूजचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावा. ती क्षमता कंपनीच्या तक्त्यात पाहून घ्यावी.

सैल जोड हा सर्वांत लबाड शत्रू. जोडात फक्त ५ मिलिओहम अडथळा राहिला तरी ७० अँपिअरला तिथे २५ वॅट उष्णता होते. म्हणजे रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग इस्त्री त्या नटाला कायम टेकवून ठेवल्यासारखेच! लग हातोडीने ठोकू नये, क्रिम्पिंगच्या यंत्राने दाबून घ्यावी. महिन्याभराने, इन्व्हर्टर बंद करून, नट पुन्हा तपासावेत.

जोडण्यापूर्वी

१६ सेलच्या बीएमएसला १७ बारीक वायरी असतात. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने मोजावे : ३.३, ६.६, ९.९ असे आकडे चढत गेले पाहिजेत. एक वायर चुकली तरी बीएमएस जळू शकते. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या तर प्रत्येकीला वेगळे बीएमएस व वेगळा फ्यूज हवा, आणि जोडताना दोघींचे व्होल्टेज सारखे असावे.

बॅटरी पत्र्याच्या तापत्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांशेजारी, पाचटाजवळ किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. फुगलेला सेल पुन्हा चार्ज करू नये, स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

शेवटी, सगळे काम परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय स्विच दाबू नये. बीएमएस, फ्यूज आणि वायर यांचा खर्च सेलच्या मानाने थोडा असतो. तिथे चार पैसे वाचवून घर जोखमीत घालू नये, ही सर्व सभासदांना आमची कळकळीची विनंती आहे.