ऑफिस पार्टीत हसवायचंय? मग आधी ॲक्ट नीट निवडा



गावच्या गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यांना पोट धरून हसवणारा एक तरी पोरगा भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक गावात असतो. आणि त्याला कधी ना कधी प्रश्न पडतो: ह्याचे पैसे मिळतील का?

मिळतात. आपल्या एका बाजूला हायवेवर खेड शिवापूर आणि नीरा ओलांडली की शिरवळच्या कंपन्या. दुसऱ्या बाजूला पानशेतच्या पाण्याकाठी रिसॉर्ट, तिथे पुण्यातली ऑफिसं सहलीला येतात. वर्षअखेरची पार्टी, वार्षिक दिन, निरोप समारंभ असं काहीतरी चालूच असतं. आणि कार्यक्रम म्हटला की मधली दहा मिनिटं भरायला कुणीतरी लागतं.

पण गावात लोक तुम्हाला ओळखतात, थोडं जास्त झालं तरी सांभाळून घेतात. ऑफिसात तुम्ही परके. तिथे एक चुकीचा विनोद झाला, की तुम्हाला बोलावणाऱ्या एचआर मॅडमना दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उत्तर द्यावं लागतं. म्हणून ॲक्ट निवडणं हीच निम्मी कमाई आहे. आज आपण फक्त हालचालींच्या कॉमेडीबद्दल बोलू: पडणं, धडपडणं, वस्तूंशी झटापट, मुका अभिनय.

न बोलता हसवण्याचा फायदा काय?

पहिला फायदा भाषेचा. कंपनीत मराठी सुपरवायझर असतो, हिंदी बोलणारे कामगार असतात, इंग्रजीत बोलणारे मॅनेजर असतात. शब्दांचा विनोद एकाला कळतो, दुसरा शेजाऱ्याला विचारतो. छत्री उलटी झाली की मात्र सगळे एकदम हसतात.

दुसरा फायदा आवाजाचा. काही ठराविक दिवस सोडले, तर उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही. रिसॉर्टच्या लॉनवर जेवणं लांबली की गाणारा आणि अँकर दोघं अडकतात. मुका ॲक्ट अडकत नाही.

जॉनी लिव्हरची गोष्ट नीट समजून घ्या

जॉनी लिव्हर हे नाव ऑफिसच्या कार्यक्रमातूनच आलं. ते मुंबईत हिंदुस्तान लिव्हर कंपनीत कामाला होते. कंपनीच्या एका कार्यक्रमात त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्यांचं नाव जॉनी लिव्हर ठेवलं.

ही गोष्ट ऐकून बरेच जण म्हणतात, चला, आपणही साहेबांची नक्कल करू. थांबा! ते त्या कंपनीतलेच होते. कोणता साहेब हसून घेईल, कोणता मनात ठेवेल, हे आतल्या माणसाला कळतं. बाहेरून पैसे घेऊन आलेल्याने तेच केलं, तर तो अपमान वाटू शकतो. घरातल्याने काढलेली खोडी वेगळी, पाहुण्याने काढलेली वेगळी.

मग बाहेरच्याने काय करायचं? आपल्या तमाशातल्या सोंगाड्याकडे बघा. तो स्वतः फजीत होतो आणि लोक हसतात. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यातून गाजले आणि १९७१ साली 'सोंगाड्या' सिनेमा आला. ढगळ हाफ चड्डी, लोंबणारी नाडी. माणूस लांबून दिसला तरी हसू यायचं. चार्ली चॅप्लिनचंही तसंच: तंग कोट, ढगळी पँट, मोठे बूट, छोटी टोपी. म्हणजे दोन गोष्टी शिकायच्या. एक, फजिती स्वतःची करायची. दोन, शेवटच्या रांगेतूनही ओळखू येईल असा एकच ठरलेला वेश ठेवायचा.

पाच चाळण्या

कुठलाही ॲक्ट डोक्यात आला की तो या पाच चाळण्यांतून गाळा.

१. हसू कुणावर येतंय? तुमच्यावर येत असेल तर पास. जाड माणूस, बुटका माणूस, तोतरा माणूस, बाई, गावंढळ, कुणाचीही जात किंवा प्रांत यांच्यावर येत असेल तर नापास.

२. कमरेच्या वर दिसतंय का? ऑफिस पार्टीत बऱ्याचदा स्टेज नसतं, सगळे एकाच पातळीवर असतात. तुम्ही जमिनीवर लोळलात तर पहिली रांग हसते आणि मागचे माना उंचावतात. मुख्य गंमत चेहरा, हात आणि हातातली वस्तू यांत हवी.

३. आवाज बंद करून चालतंय का? मोबाईल ३० फुटांवर ठेवून शूटिंग करा. आवाज बंद करून तीन जणांना दाखवा. घरचे नकोत, ते कौतुकच करतील. कुठे हसले आणि कुठे मोबाईलवरून नजर काढली, ते लिहून ठेवा.

४. शरीराला झेपतंय का? डिसेंबरमध्ये एका दिवसात दोन कार्यक्रम लागू शकतात. गुळगुळीत टाइल्सवर किंवा ओल्या लॉनवर जोरात पडायचा ॲक्ट एकदा जमेल, चौथ्यांदा गुडघा जाईल. गुडघा गेला की सीझन गेला. पडायचंच असेल तर आधी जाणकाराकडून पडायला शिका.

५. सामान बाईकवर मावतं का? वेल्ह्याच्या वळणांच्या रस्त्याने टेम्पो न्यायचा असेल तर तो खर्च तुमच्याच खिशातून जाणार. एका सॅकमध्ये बसेल तेवढंच सामान ठेवा.

मग कोणता घ्यावा?

मागून हातांचा ॲक्ट: एक जण हात पाठीमागे घेऊन उभा, दुसरा मागे लपून आपले हात पुढे काढतो. पुढचा बोलल्यासारखं करतो, मागचे हात त्याला पावडर लावतात, भांग पाडतात, केळं भरवतात. सुरुवात करणाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती हीच. खर्च किरकोळ, सगळं कमरेच्या वर, आणि फजिती आपलीच. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरा, हॉल घाण करून जाऊ नका.

वस्तूशी झटापट: घडीची खुर्ची, रेनकोट, लॅपटॉपची वायर. अंगठा घेत नसलेलं हजेरीचं मशीन तर प्रत्येक ऑफिसला आपलंच वाटतं. एकट्याला करता येतो, पण सराव जास्त लागतो.

स्लो मोशन कबड्डी: आपल्या भागात कबड्डी सगळ्यांना कळते. चार जण लागतात, म्हणजे पैसे चार ठिकाणी वाटले जातात. मोठ्या कार्यक्रमासाठी ठेवा.

हेल्मेटचा घोळ: ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला लागून कारखान्यांत सुरक्षा सप्ताह साजरा होतो. हेल्मेट, ग्लोव्हज, बूट चुकीच्या जागी घालणारा कामगार तुम्ही रंगवलात, तर एक वेगळं गिऱ्हाईक मिळतं. मात्र शेवटी सगळं बरोबर घालून दाखवायचं.

टेबलावरचा बुटका: बुटांत हात घालून नाचवायचा हा ॲक्ट गॅदरिंगला चालतो. ऑफिसात तो एखाद्याच्या उंचीवर बोट ठेवतो. सोडा.

साडी नेसून लाडिक चाळे: हाही सोडा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही, कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही त्यात येते. कायदा बाजूला ठेवला तरी, समोरच्या बायकांना अवघडल्यासारखं झालं तर तो हशा आपल्याला नको.

होकार देण्याआधी हे विचारा

किती लोक असतील? अधिकारी आणि कामगार एकत्र आहेत का? फरशी की लॉन? जेवणाआधी की नंतर? शक्यतो आधीची वेळ मागा, हातात ताट आलं की लक्ष ताटात जातं.

आणि एक प्रश्न चुकवू नका: अलीकडे कंपनीत अपघात किंवा कुणाचं निधन झालंय का? मशीनवर सहकाऱ्याचा हात गेलाय, त्याच लोकांसमोर तुम्ही पडायचा आणि लागायचा विनोद केलात, तर हॉल गप्प होईल. हा एक फोन वाचवतो.

प्रेक्षकांतून कुणाला पुढे घ्यायचं असेल तर नाव आधी विचारून ठेवा. हात धरून ओढायचं नाही.

पैशाचं बोलू

भाव ठरवताना फक्त आठ मिनिटं मोजू नका. समजा, पेट्रोल ४००, जोडीदार १०००, सामान २००. म्हणजे १६०० खर्चातच गेले. (आकडे फक्त हिशेब कळण्यासाठी.) त्यावर तुमचा अख्खा दिवस आणि महिनाभराचा सराव. ते जोडूनच भाव सांगा. निम्मी रक्कम ॲडव्हान्स घ्या आणि वेळ, ठिकाण, रक्कम व्हॉट्सॲपवर लिखित ठेवा.

कंपनी बिल मागेल, टीडीएस कापू शकते, म्हणून पॅन आणि बँक खातं तयार ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

या आठवड्याचा होमवर्क

एकच ॲक्ट निवडा. तीन नको, एकच. आठ मिनिटांचा बसवा: आधी साधी अडचण, मग तीच वाढलेली, मग कुणालाच अपेक्षित नसलेला शेवट. आवाज बंद करून तिघांना दाखवा आणि पहिला प्रयोग ओळखीच्या छोट्या ऑफिसात करा. पतसंस्था चालेल, मेडिकलवाल्यांची पार्टी चालेल. तिथे सगळे हसले आणि कुणाचीही मान खाली गेली नाही, की समजा तुमचा माल बाजारात न्यायला तयार आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत सराव चालू ठेवा!