मेलबर्नचे पत्र : मत न देण्याची किंमत

इथे निवडणुकीचा वार ठरलेला, शनिवार. केंद्र बहुधा जवळच्या शाळेत. आवारात पालकमंडळी शेगडीवर सॉसेज भाजून पावात घालून विकतात. गल्ला शाळेला जातो. आत कर्मचारी तीनच गोष्टी विचारतो : पूर्ण नाव, पत्ता आणि या निवडणुकीत आधी मत दिले आहे का. ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही. हिरव्या मतपत्रिकेवर पेन्सिलीने सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा.

गेला नाहीत तर मात्र निवडणूक आयोगाचे पत्र येते. कारण पटले नाही तर 20 डॉलर दंड. 1922 मध्ये साठ टक्क्यांच्याही आत असलेले मतदान, 1924 च्या सक्तीच्या कायद्यानंतर 1925 मध्ये 91 टक्क्यांवर गेले.

अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये मतदाराचा हिशेब मांडला. लाखोंत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, वेळ आणि पैसा मात्र नक्की जाणार. मग लोक मत देतात तरी का? 1968 मध्ये राज्यशास्त्रज्ञ रायकर आणि ऑर्डशूक यांनी कर्तव्याचे समाधानही जमेला धरले. ऑस्ट्रेलियाने खर्चाची बाजूच बदलली : न जाणे महाग केले आणि शनिवार, टपाली मत, मुदतीआधी उघडणारी केंद्रे यांनी जाणे स्वस्त.

तिकडे आपल्या जालनेकरांना मताचे वजन सांगायला नको. 2014 च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना हरवले ते अवघ्या 296 मतांनी. खर्चाचे मात्र कोणी बोलत नाही. 2024 मध्ये उसाचे गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झाले आणि विधानसभेचे मतदान 20 तारखेला. अंबड-घनसावंगीकडच्या ज्या ऊसतोड जोडप्यांनी मुकादमाची उचल घेतली आहे, त्यांनी फडावरून गावी यायचे म्हणजे गाडीभाडे आणि खाडा दोन्ही अंगावर. टनावर मजुरी घेणाऱ्याला मतदानाची पगारी सुट्टी कागदावरच राहते. अशा माणसाला उदासीन म्हणणे अन्याय आहे.

आपल्याकडे अधूनमधून सक्तीची मागणी होते. तसा दंड आला तर तो आधी कोयत्यावर बसेल. ऑस्ट्रेलियाकडून घ्यायचेच असेल तर दंड नको, मतदान स्वस्त करण्याची रीत घ्यावी. आपल्या निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला राजकीय पक्षांना बोलावले होते. 2024 च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका त्याच्याविनाच झाल्या.