गांजाविरुद्धच्या पोलीस कामाचा पैसा कुठून येतो, कुठे जातो?



हिंगोली जिल्ह्यात तुरीच्या, कपाशीच्या किंवा हळदीच्या पिकात लपवून लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून नेली, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बातमीत झाडांची संख्या, वजन आणि किंमत असते. पण पकडलेला माणूस जमिनीचा मालक होता, बटाईदार होता की सालगडी, हे पुष्कळदा कळत नाही. कारवाईचा खर्च कोणी उचलला, हे तर सहसा छापूनच येत नाही. कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांतील आंध कुटुंबांत स्वतःची जमीन थोडी आणि दुसऱ्याच्या शेतात राबणे जास्त, अशी अनेक घरे आहेत. त्यांच्यासाठी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची आहेत, म्हणून ती इथे क्रमाने मांडत आहोत.

कायदा काय सांगतो

गांजाचे सर्व गुन्हे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली चालतात. झाड लावणे हाच गुन्हा आहे. झाडे दोन असोत की दोनशे, कलम २० प्रमाणे १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाळगणे व विकणे यांची शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपेक्षा कमी गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो आणि त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होते. २० किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यापारी प्रमाण’ होते. तिथे शिक्षा किमान १० आणि कमाल २० वर्षे असून जामीन मिळणे फार अवघड असते.

कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. मुळे, खोड, मातीसकट ओले झाड काट्यावर ठेवले तर वजन फुगते आणि माणूस एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो. म्हणून पंचनाम्यात काय आणि कसे मोजले, याला मोठे महत्त्व आहे.

पैसा कोण देतो

राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय आहे. त्यामुळे ठाण्यातील शिपायापासून अधीक्षकांपर्यंतचे पगार राज्याच्या गृह विभागाच्या अंदाजपत्रकातून येतात, आणि त्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग पगारांतच संपतो. गावपातळीवरचा पहिला माणूस म्हणजे पोलीस पाटील. त्याचे मानधनही राज्यच देते. मार्च २०२४ मध्ये ते महिना ६,५०० वरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला.

दुसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा आहे. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. पोलिसांची वाहने, सीसीटीव्ही कॅमेरे अशा गोष्टींसाठी या समितीच्या निधीतून अनेक जिल्ह्यांत रक्कम दिली गेली आहे. तिसरा मार्ग केंद्राचा. अमली पदार्थ नियंत्रणाच्या साधनसामग्रीसाठी राज्यांना साहाय्य आणि माहिती देणाऱ्यांना बक्षीस, अशा केंद्राच्या योजना आहेत.

महाराष्ट्राने आता स्वतंत्र अमली पदार्थविरोधी कार्यदल उभारले आहे. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी ३४६ पदांना आणि वर्षाला सुमारे १९ कोटी रुपयांच्या आवर्ती खर्चाला मंजुरी दिली. ३६ जिल्ह्यांच्या राज्यासाठी ही पदे म्हणजे सरासरीने जिल्ह्यामागे दहाही नाहीत. त्यामुळे कुरुंदा किंवा आखाडा बाळापूरसारख्या ठिकाणी खरे काम नेहमीच्या ठाण्यालाच करावे लागणार, हे उघड आहे.

खर्च कशावर होतो

एक छापा घालायचा म्हणजे मिळालेली खबर लिहून ठेवायची आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे पाठवायची. गाडी, डिझेल, पंच, वजनकाटा लागतो. अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर घेण्याचा हक्क संशयिताला सांगावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढणे, ते प्रयोगशाळेत पाठवणे, मुद्देमाल सुरक्षित ठेवणे आणि शेवटी तो नष्ट करणे, ही सगळी कामे येतात.

यातली एखादी पायरी पैशाअभावी किंवा प्रशिक्षणाअभावी चुकली तर दोन्हीकडून नुकसान होते. खरा व्यापारी चांगला वकील लावून त्या त्रुटीवर सुटू शकतो. ज्याला वकील परवडत नाही, तो अहवालाची वाट पाहत कोठडीत राहतो. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदत आहे, म्हणजे एक खरीप हंगाम पूर्ण हातचा जातो. म्हणून प्रयोगशाळेला, चित्रीकरणाला आणि प्रशिक्षणाला दिलेला पैसा हा गरिबाच्या संरक्षणाचाही पैसा आहे. नुसत्या गाड्या वाढवून हे साधणार नाही.

आदिवासी भागांचा अनुभव

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वनजमिनीवरची गांजाची शेते पोलिसांनी वर्षानुवर्षे उद्ध्वस्त केली, तरी लागवड पुन्हा उभी राहत आली आहे. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमच्या आदिवासी डोंगराळ भागात २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवले गेले. हजारो एकरांवरील झाडे कापली गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अनकापल्लीजवळ सुमारे २ लाख किलो गांजा जाळण्यात आला. तिथे पोलिसांच्या जोडीला एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेने कॉफी व इतर पर्यायी पिकांची रोपे आणि बियाणे देण्याचे काम हाती घेतले. झाड उपटल्यावर त्या जागी काय लावायचे, या प्रश्नाचे उत्तर पोलीस खात्याकडे नसते.

आपल्याकडे कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याचा निधी आदिवासी उपयोजनेचा, पोलिसांचा वेगळा. दोन्ही खाती वेगळीच राहावीत, पण त्यांनी एकमेकांशी बोलावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिंगोली जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांबाबत दिलेले अधिकार इथे लागू नाहीत. इथल्या ग्रामसभेला ठराव करून तो ठाण्याकडे आणि तहसीलकडे द्यावा लागतो.

आपण काय करू शकतो

पहिले, शेतमालकांना व सालगड्यांना कायदा समजावून सांगू या. आपल्या जमिनीत गांजाची झाडे दिसल्यास लगेच पोलिसांना किंवा अन्य संबंधित अधिकाऱ्याला कळवणे हे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. कलम ४७ प्रमाणे सरपंच व गावकामगारांवरही तशीच जबाबदारी आहे. आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्याने संशयास्पद झाड दिसताच पोलीस पाटलाला सांगावे. गप्प राहणे त्यालाच महागात पडते. बटाईचा व्यवहार कागदावर असावा, म्हणजे शेत कोणाच्या ताब्यात होते हे सिद्ध करता येते.

दुसरे, माहिती द्यायची तर ११२ किंवा अमली पदार्थांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९३३ उपलब्ध आहे. खबर कोणी दिली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही.

तिसरे, अटक झालीच तर अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

चौथे, व्यसनात अडकलेल्याला गुन्हेगार म्हणून दूर लोटू नये. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

पाचवे, आपल्या करातून चालणाऱ्या कामाचा हिशेब विचारू या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थविरोधी जिल्हास्तरीय समन्वय समिती असते. जिल्हा नियोजनातून पोलिसांना किती निधी मिळाला, त्यातला किती चित्रीकरणावर, प्रशिक्षणावर आणि जनजागृतीवर गेला, आणि दाखल गुन्ह्यांत मालक किती व मजूर किती, हे माहितीच्या अधिकारात साध्या अर्जाने विचारता येते. गावात हा अर्ज कसा लिहायचा हे समजून घ्यायचे असेल, तर मंडळीतील शिक्षक, वकील आणि निवृत्त कर्मचारी बंधुभगिनींनी एखादी सायंकाळ त्यासाठी द्यावी, ही विनंती.