केसांची मशागत

फणीत अडकलेला केसांचा गुंता पाहून पोटात गोळा आला नाही, अशी बाई विरळाच. पुरुषांचेही काही वेगळे नसते. ते बोलून दाखवत नाहीत, आरशासमोर भांग इकडचा तिकडे करून पाहतात इतकंच. मग शेजारीण एक तेल सांगते, मावसबहीण दुसरे, आणि जाहिरात तिसरे. तेव्हा आज आपण तेलांची नावे जरा बाजूला ठेवू, आणि केस मुळात उगवतो कसा व त्याला रोज मदत ती काय करायची, एवढेच पाहू.

आपल्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ त्वचेच्या आत एका लहानशा पिशवीत असते आणि ते आपल्याच वेळापत्रकाने चालते. दोन ते सहा वर्षे ते केस वाढवते, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. नंतर दोन-तीन आठवडे आवराआवर, आणि मग सुमारे तीन महिने विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा डोके वर काढतो. तेव्हा रोज ५० ते १०० केस जाणे हा नेहमीचा जमाखर्च आहे. लांब केसांच्या बाईला तेवढेच केस पुष्कळ वाटतात, ती गोष्ट निराळी.

आता गंमत पाहा. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा मनावरचा जबर आघात, यांपैकी काही झाले की पुष्कळशी मुळे एकदम विश्रांतीला जातात. पण केस त्या दिवशी गळत नाहीत. गळतात दोन-तीन महिन्यांनी. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनातून उठलेल्या कितीतरी लोकांना हा अनुभव आला. समजा, एखादी मुलगी चैत्रात बाळंत झाली. आषाढात तिचे केस मूठमूठ जाऊ लागतात. तिला वाटते सासरचे पाणी बाधले, नाहीतर नवा साबण. चैत्राची आठवण कोणालाच नसते! श्रावणात ती एक महागडे तेल आणते. मुळांची विश्रांती संपून दिवाळीच्या सुमारास गळती आपोआप थांबू लागते. श्रेय मात्र मिळते तेलाला.

म्हणजे काहीच करायचे नाही की काय? तसे नव्हे. मुळाचे घड्याळ आपल्या हाती नसले तरी ते ज्या जमिनीत आहे ती आपल्या हाती आहे. ती स्वच्छ असावी, तिथे आग होऊ नये, आणि कोणी ओढाताण करू नये. साऱ्या नित्यक्रमाचे सार एवढेच.

तेलापासून सुरुवात करू, कारण त्याबद्दल विचारल्यावाचून कोणी सोडत नाही. २००३ साली मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी असे दाखवले की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातली प्रथिने कमी झिजतात. (कंपनी तेल विकणारी होती, हेही ध्यानात ठेवावे.) पण हा फायदा उगवलेल्या केसाला. केस तुटत नाही, मऊ राहतो. नवे मूळ त्यातून फुटत नाही. म्हणून न्हाण्याच्या आधी तासभर केसांना बेताचे तेल लावावे, टोकांना थोडे अधिक. डोक्यात कोंडा असेल तर मात्र त्वचेवर तेल थापू नये. कोंडा म्हणजे कोरडेपणा, अशी आपली समजूत. खरे तर पुष्कळदा तो त्वचेच्या तेलावर जगणाऱ्या एका बुरशीमुळे वाढतो. तेल घालणे म्हणजे तिला जेवण वाढणे. अशा वेळी केटोकोनॅझोल असलेला शांपू आठवड्यातून दोनदा लावून, पाच मिनिटे ठेवून धुवावा.

एरवी आठवड्यातून दोन-तीनदा डोक्यावरून न्हावे. घाम फार येत असेल तर अधिक वेळा. न्हाताना केस गळतात म्हणून न्हाणेच टाळणाऱ्या बायका आहेत. ते केस आधीच सुटलेले असतात. आज नाही तर उद्या एकदम दिसतात. शिकेकाई चांगली, आवळकाठी आणि नागरमोथा घातलेली तर सुवासिकही. पण भरड पूड डोक्यावर घासू नका. शिकेकाई उकळून, फडक्यातून गाळून ते पाणी वापरा. अंगाचा साबण केसांना नको. विहिरीच्या जड पाण्यात त्याचा चिकट थर बसतो. पाणी कोमट असावे, कढत नव्हे. नंतर पंच्याने खसाखसा पुसू नये, गुंडाळून टिपावे. ओला केस ताणला की तुटतो, म्हणून रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकाचा गुंता सोडवावा आणि मग वर जावे.

चोळण्याविषयी दोन शब्द. बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, रोज चार-पाच मिनिटे त्वचा हलकेच हलवावी. २०१६ साली जपानात नऊ पुरुषांनी २४ आठवडे रोज चार मिनिटे असे करून घेतले, तेव्हा त्यांचे केस थोडे जाड झाले. नऊ माणसांवरून फार बोलता येत नाही. पण हलक्या हाताने नुकसान नाही आणि झोपही बरी लागते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ओढ. करकचून घातलेल्या दोन वेण्या, मागे ताणलेला अंबाडा, आणि ते रोज, वर्षानुवर्षे. कानशिलावरचे केस मग मागे मागे सरकतात. वेळीच वेणी सैल केली तर ते परत येतात. फार वर्षे गेली तर मूळच मरते आणि तिथे काही उपाय चालत नाही. आयांनो, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या भुवया वर खेचल्या जात असतील तर वेणी घट्ट झाली असे समजा.

बाहेरून कितीही केले तरी रक्त फिके असेल तर मुळे उपाशी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या आपल्या देशातील ५७ टक्के स्त्रियांत पंडुरोग आढळला. हळीव, पालेभाजी, डाळी खाव्यात, वर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. केस फार जात असतील तर हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

वंशपरंपरेने येणाऱ्या टकलाला मात्र चोळण्याने उतार पडत नाही. त्यासाठी मिनॉक्सिडिल आहे. ते मूळचे रक्तदाबाचे औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून त्याचे डोक्याला लावायचे औषध झाले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे गळती वाढते, गुण दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि सोडले की मिळवलेले जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते घेऊ नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच.

काही खुणा दिसल्या तर घरगुती प्रयोग करत बसू नका: पैशाएवढा गुळगुळीत चट्टा, ज्याला आपण चाई म्हणतो, लाली, पू, दुखरेपणा, मुलाच्या डोक्यावर तुटके केस आणि खपल्या, किंवा भांग रुंदावत जाऊन पाळीही अनियमित होणे. चाईवर लसूण घासून कातडी भाजून घेतलेले लोक त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येतात.

आणि गळलेले केस रोज मोजू नका हो. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात भांगाचे छायाचित्र काढा. तीन-चार महिन्यांनी कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे, वेणीत न मावणारे केस उभे राहिलेले दिसतील. ते पिंजारलेले दिसतात म्हणून तेलाने चापून बसवू नका, कापूही नका. नवे केस ते हेच.