पडीक दिसणाऱ्या मराठीचा सातबारा

मराठी लिहिणारं-बोलणारं यंत्र घडवायचं, तर त्याला आधी मराठी मजकूर चारावा लागतो, तोही ढिगाने. असा ढीग आपल्या भाषेत सहजी हाती लागत नाही. मग स्कॅन केलेली पुस्तकं, जुने दिवाळी अंक, ब्लॉग, यूट्यूबवरची कीर्तनं, जिथे जे सापडेल ते उचललं जातं. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: "अहो, नेटवर पडलंच आहे की!"

पडलेलं असेल, पण पडीक नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन कागदावर किंवा पडद्यावर उतरलं की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी लागत नाही, 'सर्व हक्क स्वाधीन' असं छापावंही लागत नाही. कलम ५२मध्ये खासगी वापर, संशोधन, समीक्षा, बातमी अशा कामांना सवलती आहेत. यंत्राचं प्रशिक्षण त्यांत बसतं का, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तो वाद याच प्रश्नाचा. त्यामुळे 'यात बेकायदा काही नाही' म्हणणारे आणि 'ही सरळ चोरी' म्हणणारे, दोघंही सध्या न्यायालयाच्या आधी निकाल देत असतात.

लेखक वारला की पुस्तक मोकळं झालं, असं समजणारेही पुष्कळ. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून सर्वांचं झालं. वि. स. खांडेकर गेले १९७६मध्ये. म्हणजे फुकट पीडीएफच्या गठ्ठ्यात त्यांची 'ययाति' सापडली, तरी ती २०३६ संपेपर्यंत हक्काखालीच आहे. (पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क संपायची वेळ आली तेव्हा ती वाढवली गेली.) ज्ञानेश्वरी सातशेहून अधिक वर्षं जुनी, ती घ्या खुशाल. तिचा आजच्या अभ्यासकाने लिहिलेला अर्थ मात्र त्या अभ्यासकाचा.

आता दिवाळी अंक. समजा, एखाद्या संपादकाने आपले तीस वर्षांचे अंक एखाद्या एआय कंपनीला विकायला काढले. अंक त्यांचा, छपाईचा खर्च त्यांचा, लेखकांना मानधनही दिलेलं. मग अडचण कसली? अडचण अशी की मानधन दिल्याने हक्क विकत मिळत नाही. बाहेरच्या लेखकाने पाठवलेल्या कथेचा मालक तो लेखकच राहतो. हक्क दुसऱ्याच्या नावे व्हायला सही केलेला लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक पाचर मारली: करार करताना जे माध्यम किंवा वापराची जी तऱ्हा अस्तित्वातच नव्हती, तिचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिला गेला असं मानता येणार नाही. यंत्राचं प्रशिक्षण ही अशी तऱ्हा आहे का, यावर वकील भांडतील. पण आपल्याकडे कथा मागवली जाते फोनवर आणि करार असतो तो "यंदा काहीतरी द्याच" एवढाच. अशा अंकांतल्या बहुतेक मजकुराबाबत विकायला निघालेल्या संपादकाकडे विकण्याजोगं काही नसेलच.

विकिपीडिया मुक्त आहे हे खरं, पण अटींसह: श्रेय द्यायचं आणि त्यातून घडवलेलं लेखन त्याच परवान्याने पुढे सोडायचं. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पाला आवाज देणारा मात्र कसलीच अट ठेवत नाही. दान करण्याआधी हा फरक कळलेला बरा. व्हॉट्सॲप गटावरच्या गप्पांचं निराळं. स्वतःहून जाहीर केलेली माहिती २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या बाहेर आहे, पण चाळीस नातेवाइकांच्या गटात टाकलेला मजकूर चव्हाट्यावर मांडला असं होत नाही. या कायद्याची मुख्य कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांत एक तरतूद कामाची आहे: संमतीचा कागद राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येतो. म्हणजे मराठी आवाज नोंदवायला आलेल्यांकडे मराठीत कागद मागा.

"भाषा काय कुणाच्या बापाची आहे?" हा सगळ्यांत जोरदार युक्तिवाद, आणि तो अर्धा खरा. शब्द, म्हणी, व्याकरणाचे नियम कुणाचेच नाहीत. मोल्सवर्थचा १८५७चा कोशही आज सर्वांचा. अवघड जागा पुढेच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आज त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आहेत, गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, तरी रचना त्यांची म्हणून हक्कही त्यांचा. गाणी त्यांच्या पश्चात १९५२मध्ये छापली गेली आणि मरणोत्तर प्रकाशनाच्या नियमाने २०१३पासून मोकळी झाली. आईकडून लेकीकडे आलेल्या ओवीला मात्र असा एक रचणारा दाखवता येत नाही, म्हणून तिच्या शब्दांना कॉपीराइट कायद्यात आसरा नाही. आसरा आहे तो गळ्याला. ध्वनिमुद्रणावर गाणाऱ्याचा हक्क ५० वर्षं चालतो: ओवी १९९६मध्ये मुद्रित झाली असेल, तर २०४६च्या अखेरपर्यंत. त्या मुद्रणावरून आवाजाची नक्कल शिकणाऱ्या यंत्राला त्यामुळे गाणारीला विचारावं लागू शकतं. नुसता मजकूर गिळणाऱ्याला कायदा अडवत नाही. तो शब्द घेतो, आणि ओवीखाली संग्राहकांनी काळजीने लिहिलेलं नाव आणि गाव तिथेच गळून पडतं. ते गळू द्यायचं की नाही, हे सध्या ज्याच्या हातात चाळण आहे तोच ठरवतो.